कंदीची नखं, केस आणि नऊ वर्षांची प्रश्नावली

आधीच सांगून टाकते, ज्याचा हा रिव्ह्यू आहे ते आता तुम्हाला मिळणार नाही. गोल्डन रिट्रीव्हर लाइफटाइम स्टडी, म्हणजे या जातीच्या कुत्र्यांचा जन्मभर चालणारा अभ्यास, त्याची नावनोंदणी २०१५ मध्येच बंद झाली. मग लिहितेस कशाला, असं नवऱ्यानेही विचारलं. पण गेल्या वर्षभरात इथल्या मराठी मंडळातल्या दोघींनी आणि पुण्याच्या एका चुलतभावाने मला तेच विचारलं: कुत्र्यांच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांना मदत करायचीय, नुसते पैसे द्यायचे की आणखी काही करता येतं? आणि तुमचा कंदी त्या अभ्यासात होता ना, काय काय करावं लागायचं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. मूळचे साताऱ्याचे. ऑगस्ट २०१३ मध्ये जन्मलेलं गोल्डनचं पिल्लू घरी आलं तेव्हा त्याचा रंग बघून मुलीने नाव ठेवलं कंदी. कंदी पेढ्यातला कंदी. क्लिनिकमध्ये मात्र तो जन्मभर 'कँडी'च राहिला. काउंटरवर नवी मुलगी आली की "शी इज सो स्वीट!" आणि मग मी "ही, ही" करत बसायची. दोन-तीन वर्षांनी तो नाद सोडला.

अभ्यासाचं आम्हाला आमच्या डॉक्टरबाईंनीच सांगितलं. मॉरिस ॲनिमल फाउंडेशन म्हणून डेन्व्हरची संस्था आहे, १९४८ पासूनची. मार्क मॉरिस नावाच्या पशुवैद्याने काढलेली. याच माणसाने किडनी बिघडलेल्या एका अंध व्यक्तीच्या वाटाड्या कुत्र्यासाठी पथ्याचं खाणं तयार केलं होतं, आणि त्या खाण्याचा पुढे धंदा झाला त्यातून संस्थेला पैसा मिळाला. या संस्थेने २०१२ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर गोळा करायला सुरुवात केली. म्हणजे कुत्री मालकांकडेच राहणार, फक्त नोंद त्यांच्याकडे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांतली, सहा महिने ते दोन वर्षं वयाची, निरोगी, वंशावळीचा कागद असलेली. तीनेक हजार हवी होती, ३,०४४ मिळाली. त्या चव्वेचाळिसांतला एक आमचा, असं मुलगी म्हणायची. का कोण जाणे, तीन हजारांत असण्यापेक्षा चव्वेचाळिसांत असणं तिला जास्त मानाचं वाटायचं.

गोल्डनच का, तर या जातीत कॅन्सर फार. इथल्या गोल्डन क्लबने १९९८ च्या सुमाराला पाहणी केली होती, तिच्यात दगावलेल्या कुत्र्यांपैकी साधारण ६० टक्के कॅन्सरने गेलेली निघाली. पिल्लू घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी घेतलं असतं म्हणा, ते तोंड बघून कोण नाही म्हणणार. अभ्यासाचं मुख्य लक्ष चार कॅन्सरांवर: रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा हेमँजिओसार्कोमा, लसिकाग्रंथींचा लिम्फोमा, हाडाचा ऑस्टिओसार्कोमा आणि बहुधा कातडीत होणारा, जोरदार पसरणारा मास्ट सेल ट्यूमर. कुत्रं निरोगी असल्यापासून ते जाईपर्यंत दर वर्षी त्याचं सगळं लिहून ठेवायचं, नमुने गोठवून ठेवायचे, आणि कोणाला काय झालं ते कळल्यावर मागे वळून बघायचं की ज्यांना झालं त्यांचं आणि ज्यांना नाही झालं त्यांचं काय वेगळं होतं. माणसांवर असे अभ्यास करायला पन्नास वर्षं लागतात. कुत्र्याचं आयुष्यच दहा-बारा वर्षांचं, आणि ते आपल्याच घरात, आपलंच पाणी पीत, आपल्याच लॉनवर लोळत काढतं.

तर, प्रत्यक्ष काम काय. वर्षातून एकदा डॉक्टरांकडे लांबलचक तपासणी. रक्त, लघवी, शी, अंगावरचे थोडे केस आणि नखांची कात्रणं. सगळं पेटीत भरून प्रयोगशाळेला रवाना. शीचा ताजा नमुना नेण्याची जबाबदारी आमची. ऑक्टोबरच्या थंडीत सकाळी सहाला टॉर्च घेऊन कुत्र्याच्या मागे मागे जाणारी बाई म्हणून आमच्या गल्लीत माझी ओळख झाली. एकदा एका कुरियरवाल्याने नमुन्यांची पेटी शुक्रवारी संध्याकाळी उचलून सोमवारपर्यंत कुठेतरी ठेवून दिली, आणि बिचाऱ्या कंदीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. त्याने ते मनावर घेतलं नाही. नखं कापताना मात्र दर वर्षी असा आक्रोश करायचा की वेटिंग रूममधली मांजरं टरकायची. डॉक्टरबाई म्हणायच्या, रक्त काढताना हलत नाही आणि नखांसाठी रडतो, हा नट आहे.

तपासणीचं बिल बहुतेक आपल्याच खिशातून जायचं. इथे फसू नका. "फुकट तपासणी मिळते" अशा समजुतीने कुणी यात उतरलं असेल तर ते पहिल्या वर्षीच वैतागलं असणार. पैसेही आपले, वेळही आपला, आणि कुत्र्याला त्यातून थेट औषध मिळत नाही. ग्राहक म्हणून बघाल तर सौदा आतबट्ट्याचा आहे. एकच गोष्ट माझ्या पदरात पडली: दर वर्षी न चुकता संपूर्ण तपासणी. एरवी आम्ही "ठीक दिसतोय की" म्हणत दोन-दोन वर्षं ढकलली असती.

खरा कस लागतो तो प्रश्नावलीत. डॉक्टरांची वेगळी, मालकाची वेगळी. मालकाची भरायला बसलं की चहा दोनदा होतो. कुत्रं कुठे झोपतं, जमीन कसली आहे, पाणी नळाचं की विहिरीचं, पोहतं का, कुठे पोहतं, घरात कुणी सिगारेट ओढतं का, लॉनवर काय मारता, पिसवांसाठी काय लावता, खायला काय, किती, कोणत्या कंपनीचं, वरखाणं काय.

पहिल्या वर्षी मी ती परीक्षेसारखी भरली. म्हणजे, मार्क मिळतील अशी उत्तरं दिली. लॉनच्या प्रश्नाशी अडखळले. आमच्याकडे एक कंपनीवाला यायचा, तणनाशक मारून गवतात छोटी पिवळी झेंडी खोचून जायचा, "सुकेपर्यंत मुलं-कुत्री दूर ठेवा" अशी. कंदी ती झेंडीच उपटून तोंडात घेऊन घरात यायचा. हे लिहायचं की नाही? लाज वाटली, पण लिहिलं. आणि लिहिलं म्हणून मग शोधलं, तर पर्ड्यू विद्यापीठाचा २००४ चा एक अभ्यास हाती लागला: स्कॉटिश टेरियर जातीच्या कुत्र्यांत, लॉनवर विशिष्ट प्रकारची तणनाशकं मारलेली असली तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढलेला दिसला होता. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी असंही मांडलं की आठवड्यातून तीनदा तरी पालेभाज्या किंवा गाजरासारख्या भाज्या खाणाऱ्या स्कॉटींना तो धोका कमी दिसतो. जात वेगळी, कॅन्सर वेगळा, त्यामुळे कंदीला ते लागू होतंच असं नाही. पण मी लॉनवाल्याला फोन करून बंद केलं आणि गाजरं आणली. आता आमच्या लॉनवर डँडेलियन माजलेत, शेजारचा गृहस्थ बघून उसासे टाकतो. टाकू दे.

हे प्रश्नावलीचं देणं मी मोठं मानते. तिला तुमच्या घराचं कौतुक नाही. तिला हवं असतं खरं उत्तर, आणि ते देण्याइतके आपण प्रामाणिक नसतो हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी लक्षात येतं.

२०१६ ची गोष्ट. सासूबाई एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या. बॅगेत दोन किलो कंदी पेढे. आल्या दिवशी कुत्र्याला म्हणाल्या, "माझ्या गावचा आहेस होय रे तू, साताऱ्याचा?" आणि त्या दिवसापासून तो त्यांच्या पायाशी. मी त्यांना यादी दिली होती: कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, यातलं काहीही कुत्र्याला विष असतं, आई, खरंच विष. त्यांनी ती यादी फ्रिजवर चिकटवली आणि तंतोतंत पाळली. शिऱ्यातली एकेक मनुका वेचून बाजूला काढताना मी त्यांना बघितलंय. मला वाटलं, मिटलं.

ऑक्टोबरच्या तपासणीत कंदीचं वजन जवळजवळ चार किलोंनी वाढलेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, वरखाणं? मी म्हटलं, गाजर. घरी येऊन प्रश्नावलीतही तेच लिहिलं. कोरडं खाणं, मापून, दोन वेळा. वरखाणं: गाजर. मी खोटं बोलत नव्हते, मला तेवढंच माहीत होतं. वजनाचा दोष आम्ही नसबंदीवर टाकला, कारण ती त्याच्या सातव्या महिन्यातच करून घेतली होती. आणि २०१९ मध्ये याच अभ्यासातून निबंध आला तेव्हा तर माझी कॉलर ताठ झाली. त्यात म्हटलं होतं की नसबंदी केलेल्या गोल्डनमध्ये वजन जास्त असण्याची शक्यता ५० ते १०० टक्क्यांनी अधिक, आणि सहा महिन्यांच्या आत केली तर सांधे-अस्थिबंधांच्या दुखापतीही वाढतात. मी तो निबंध नवऱ्याला वाचून दाखवला. बघ, म्हटलं, आपल्या कंदीचं वजन यात आहे.

हो, होतंच. ते कसं, ते शेवटी सांगते.

आता वाईट भाग. सप्टेंबर २०२३, रविवार. दहा वर्षांचा कंदी सकाळी व्यवस्थित फिरून आला, जेवला. दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर बसला तो उठेचना. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक, कागदासारख्या. (कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं: तुमच्या कुत्र्याच्या हिरड्या निरोगी असताना कशा दिसतात ते आजच बघून ठेवा. वेळ येते तेव्हा तुलना करायला काहीतरी लागतं.) इमर्जन्सी क्लिनिकमध्ये सोनोग्राफी केली. पोटात रक्त, प्लीहेवर गाठ फुटलेली. तिथल्या माणसाने कुत्र्याला हात लावायच्या आधी साडेपाच हजार डॉलरचा अंदाज पुढे सरकवला आणि निम्मे आत्ता भरा म्हणाला. त्या क्लिनिकबद्दल मला फार काही लिहायचं नाही, लिहिलं तर चांगलं लिहिलं जाणार नाही. पण तिथल्या सर्जन तरुणीने खाली जमिनीवर बसून आम्हाला नीट समजावलं. प्लीहेवरच्या गाठींपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश वाईट निघतात, आणि वाईटांतल्या दोन तृतीयांश हेमँजिओसार्कोमा. म्हणजे एक तृतीयांश आशा आहे. आम्ही ती विकत घेतली.

आशा खोटी ठरली. बायोप्सीत हेमँजिओसार्कोमाच आला. त्या चार कॅन्सरांतला अभ्यासातल्या कुत्र्यांना सगळ्यात जास्त नेणारा हाच. दुखत नाही, गाठ हाताला लागत नाही, रक्ताच्या वार्षिक तपासणीत दिसत नाही. नऊ वर्षं सगळे नमुने देऊनसुद्धा आम्हाला आधी कळलं नाही, आणि मला याचाच राग आला होता. कुणावर ते ठरेना. मग डॉक्टरबाई म्हणाल्या ते पटलं: हा आधी कळावा म्हणूनच तर ते नमुने आहेत. आजारी कुत्र्याचं रक्त कुठल्याही दवाखान्यात मिळतं. आजार व्हायच्या आधीचं, वर्षानुवर्षांचं रक्त कुणाकडे असतं?

प्लीहेचा तुकडा अभ्यासाला गेला. नुसत्या शस्त्रक्रियेने साधारण एक ते तीन महिने, केमो दिली तर चार-सहा, असं सांगितलं होतं. केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन, माणसांना देतात तेच लाल औषध, फक्त कुत्र्यांत हेतू वेगळा: बरं करायचं नाही, बरे दिवस वाढवायचे. त्याचे केस गळले नाहीत, मिशा तेवढ्या गेल्या. दिवाळीत अंगणातल्या पणत्यांशेजारी बसला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा हिरड्या पांढऱ्या झाल्या आणि या वेळी आम्ही डॉक्टरबाईंना घरी बोलावलं.

अभ्यासाची एक विनंती असते, सक्ती नसते: कुत्रं गेल्यावर शवविच्छेदन. नावनोंदणीच्या वेळी आपण ते वाचतो आणि पान उलटतो, कारण समोर चौदा महिन्यांचं पिल्लू चपला चावत असतं. दहा वर्षांनी तो कागद परत समोर येतो. नवरा नको म्हणाला. एकदा कापलंय त्याला, आता पुरे. मुलगी तोवर चोवीस वर्षांची झालेली, ती शिकागोहून फोनवर म्हणाली, "बाबा, नखं कापताना तो इतका ओरडायचा तरी दर वर्षी आपण कापली ना? मग शेवटचंच का सोडायचं?" तो काही बोलला नाही. सही मी केली. डॉक्टरबाईंनी ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याला स्वतः गाडीत नेला. हृदयाच्या उजव्या कप्प्यावरही एक गाठ निघाली. हे आम्हाला कळलं नसतं तर काही बिघडलं नसतं, पण कळलं ते बरं झालं. आणखी एक केमो द्यायला हवी होती का, हा प्रश्न त्या दिवशी मिटला.

आता, ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी व्यवहाराचं.

अभ्यास म्हणून मी त्याला पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो एवढ्यासाठी की यात एकच जात आहे, आणि ती पाळणारे बहुतेक आमच्यासारखेच: बऱ्या घरातले, अंगण असलेले, वेळेवर लशी देणारे. कॅन्सर काही फक्त अशाच घरांतल्या कुत्र्यांना होत नाही. पण कुठून तरी सुरुवात करायची तर एका जातीपासून करणं शहाणपणाचं, आणि दहा वर्षं लोकांना धरून ठेवणं सोपं नाही हे मंडळाचा गणपती चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

इथे अमेरिकेत असाल आणि कुत्र्याला कॅन्सर निघालाच, तर खचून जायच्या आधी जवळच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात चाचणी चालू आहे का ते विचारा. आमच्या कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला आहे, कोलोराडो स्टेटचं फ्लिंट कॅन्सर केंद्र तर या कामात फार नावाजलेलं. अनेक चाचण्यांत औषधाचा खर्च तेच उचलतात. आणि कुत्र्यांवर झालेलं काम कुत्र्यांपुरतं राहत नाही. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय न कापता वाचवायची शस्त्रक्रिया कोलोराडोत डॉ. स्टीफन विथ्रो यांनी कुत्र्यांवर बसवली, तिचा उपयोग मुलांच्या डॉक्टरांना झाला. मिफामुर्टाइड नावाचं औषध आधी कुत्र्यांत तपासलं गेलं, २००९ मध्ये युरोपात ते हाडाचा कॅन्सर झालेल्या मुलांसाठी मंजूर झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतही २००३ पासून यासाठी वेगळा विभाग आहे. कंदीला झालेल्या कॅन्सरचा माणसातला भाऊ, अँजिओसार्कोमा, इतका दुर्मीळ की त्याच्यावर अभ्यास करायला पुरेसे रुग्णच मिळत नाहीत. कुत्री मात्र दुर्दैवाने भरपूर. मिनेसोटा विद्यापीठात ईबॅट नावाच्या औषधाची चाचणी २३ कुत्र्यांवर झाली, सगळी कंदीसारखीच प्लीहेवाली. त्यांतली ७० टक्क्यांहून जास्त सहा महिने ओलांडून गेली, एरवी ४० टक्केही जात नाहीत, आणि पाच तर साडेचारशे दिवसांच्या पुढे. २३ हा आकडा लहान आहे, हुरळून जाऊ नये. पण मी तो पाठ केलाय.

पैसे द्यायचे असतील तर थेट संशोधनासाठी म्हणून द्या, आणि आधी बघा की ती संस्था काय छापते. गोंडस कुत्र्यांचे फोटो सगळेच छापतात. कुणी निबंध छापतं का ते बघायचं.

पुण्याच्या चुलतभावाला मात्र मी वेगळं सांगितलं. तो म्हणाला, डॉलर पाठवू का? मी म्हटलं, राहू दे. तुझ्या कुत्रीची गाठ काढली होती ना मागच्या वर्षी, ती तपासायला दिली होतीस? तर नाही. डॉक्टर म्हणाले साधी दिसतेय, टाकून दिली. किती गाठी अशा बादलीत जातात! काय होती हे कुणाला कधीच कळत नाही, त्या कुत्रीच्या मालकालाही नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. गाठ काढली की फॉर्मालिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. कुत्रं दगावलं आणि कारण कळलं नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाचं विचारा. आपल्याकडे परळचं कॉलेज १८८६ पासून आहे. आपल्या कुत्र्यांच्या कॅन्सरची नीट नोंद आपणच नाही ठेवायची तर कोण ठेवणार?

आणि एक कॅन्सर तर खास आपल्या रस्त्यावरचा. साताऱ्यात पुतण्या गल्लीतल्या कुत्र्यांना बघतो, त्यांच्यातल्या मोत्याला मागून कोबीच्या फुलासारखी रक्ताळलेली गाठ आली होती. लोक म्हणाले सडलंय, मारून टाका. तो होता सीटीव्हीटी, समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कॅन्सर. जंतू जात नाहीत, कॅन्सरच्या पेशीच जातात. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या कुत्र्यांचे नमुने ताडून काढलं की या सगळ्या गाठी चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या, आशियातल्या कुठल्यातरी एका कुत्र्यापासून आल्यात. तो कुत्रा गेला, त्याची गाठ अजून जिवंत आहे. आणि उपाय? व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन, आठवड्याला एक, चार-सहा आठवडे. सरकारी दवाखान्यात मोत्याने पाच घेतली आणि गाठ गेली. साडेपाच हजार डॉलर मोजून माझा वाचला नाही, आणि मोत्या आज पोवई नाक्यावर भुंकतोय. कॅन्सर म्हणजे एकच काहीतरी असतं, ही समजूत माझी तिथे सुटली.

वजनाचं राहिलं. गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेले तेव्हा कंदीची चिमूटभर राख नेली होती. माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. मला वाटलं होतं म्हणतील, कुत्र्याची राख कसली आणतेस घाटावर. त्या काहीच बोलल्या नाहीत, नातवाचा हात धरून पायऱ्या उतरल्या. मी राख सोडली. मग त्यांनी पदराची गाठ सोडून कागदात बांधलेला पेढा काढला, बरोब्बर मधून मोडला, अर्धा पाण्यात सोडला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

"त्याचा तेवढाच वाटा असायचा," म्हणाल्या. "रोज दुपारी. तू ऑफिसात असायचीस."

"आई! सहा महिने?"

"यादीत पेढा नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "मी वाचली होती नीट."

दोन किलो पेढे सहा महिने कसे पुरले, तेही विचारलं. पुरले नव्हते. संपल्यावर त्यांनी आमच्या मायक्रोवेव्हमध्ये रिकोटा चीज आणि दुधाच्या पावडरीचे केले होते, शेजारच्या आंध्राच्या मावशींकडून शिकून. ते वाईट व्हायचे, पण कंदीला चालायचे, असं त्यांचं मत.

परत आल्यावर अभ्यासाच्या लोकांना मेल लिहिला. त्याचा नंबर घातला, २०१६ च्या प्रश्नावलीत माझ्याकडून एक नोंद चुकली आहे असं लिहिलं. एप्रिल ते सप्टेंबर, रोज अर्धा पेढा. मग पेढा म्हणजे काय ते सांगावं लागलं: दूध आटवून साखर घालून भाजलेला गोळा. अंदाजे वजन दहा ग्रॅम. जूननंतर रिकोटाचे. डब्यातल्या एका पेढ्याचे दोन तुकडे करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, अकरा भरले. दहाचे अकरा केले आणि पाठवून दिला.